गुहागर ते मालवण: मुलं, आजी-आजोबा आणि पाऊणकीचं गणित

कोकणातल्या आमच्या पहिल्या कौटुंबिक सहलीत सगळ्यात लांबलेला मुक्काम तवसाळच्या धक्क्यावर झाला. फेरीबोट आमच्या डोळ्यांदेखत सुटली होती. पुढची यायला वेळ होता, गाडीत पाणी संपलेलं, धाकटा झोपमोड झाल्यामुळे भोकाड पसरून बसलेला आणि आई मागच्या सीटवरून शांतपणे विचारत होती, "यादीतलं आता काय राहिलं रे?" यादीत चौदा ठिकाणं होती. सहा बघून झाली होती आणि एकही नीट आठवत नव्हतं.

त्यानंतर तीन-चार वेळा त्याच पट्ट्यात जाऊन आलो. यादी दरवेळी आखूड होत गेली आणि सहल दरवेळी जास्त चांगली झाली. खाली लिहिलंय ते पुण्याहून गाडीने निघणाऱ्या, बरोबर लहान मुलं आणि सत्तरीच्या आसपासचे आई-वडील असलेल्या कुटुंबासाठी: सहा रात्री, तीन मुक्काम. गुहागर दोन, गणपतीपुळे-मालगुंड दोन, मालवण दोन. दापोली-हर्णै यात नाही आणि वेंगुर्ला-रेडीही नाही. ते पुढच्या वेळी.

आधी तिथी, मग तारीख

सगळे आधी सुट्टी बघतात, मग हॉटेल. मी आता भिंतीवरचं कॅलेंडर काढून आधी तिथी बघतो. यात धार्मिक काही नाही, हे समुद्राचं वेळापत्रक आहे.

कोकणातली जुनी माणसं भरती पाऊणकीने काढतात. तिथीला तीनाने गुणायचं आणि चाराने भागायचं. जे उत्तर येईल तेवढ्या वाजता पूर्ण भरती. शुद्ध असो वा वद्य, हिशेब तोच. चतुर्थीला तीन वाजता, अष्टमीला सहा वाजता, एकादशीला सव्वाआठ वाजता, पौर्णिमा-अमावास्येला सव्वाअकराच्या सुमारास. दिवसा एकदा, रात्री एकदा. पूर्ण भरतीनंतर साधारण सव्वासहा तासांनी पूर्ण ओहोटी. अर्ध्या तासाचा इकडेतिकडे फरक पडतो, पण सहल आखायला एवढं पुरतं. पौर्णिमा-अमावास्येच्या आसपास उधाण असतं, म्हणजे पाणी खूप वर चढतं आणि तितकंच खाली जातं. अष्टमीच्या आसपास भांगाची भरती, म्हणजे चढ-उतार कमी.

आता हे मुलांच्या दिनक्रमाला लावून बघा. मुलं समुद्रावर जाणार संध्याकाळी साडेचार ते साडेसहा. दशमी ते द्वादशी या दिवसांत पूर्ण भरती रात्री साडेसात ते नऊला असते, म्हणजे आपल्या वेळेला पाणी हळूहळू चढत असतं आणि खेळायला वाळूही भरपूर उरलेली असते. चढतं पाणी किनाऱ्याकडे येतं. उतरतं पाणी आत ओढतं. घोट्याएवढ्या पाण्यात उभ्या असलेल्या पाच वर्षांच्या पोराच्या दृष्टीने हा फरक फार मोठा आहे. अर्थात चढत्या पाण्यातही लाट परतताना ओढतेच, त्यामुळे हात सोडायचा नाही.

म्हणून माझा सल्ला: शुद्ध दशमीला घर सोडा. बाकीचे फायदे वाटेत कळतीलच. एक आत्ताच सांगतो. या हिशेबात गणपतीपुळ्याला तुम्ही त्रयोदशीच्या आसपास असता, त्यामुळे संकष्टीची आणि अंगारकीची गर्दी आपोआप चुकते.

महिना? नोव्हेंबर ते फेब्रुवारी सगळ्यात सोपा. नाताळ ते एक जानेवारी हा आठवडा मात्र मुलांची सुट्टी असली तरी टाळाच. मालवणात गाडी लावायला जागा मिळत नाही आणि खानावळीत नंबर लावून बसावं लागतं. एप्रिल-मे आंब्यासाठी जायचं असेल तर जा, पण सकाळी अकरा ते चार घराबाहेर पडायचं नाही अशी घरातल्या सगळ्यांकडून आधीच कबुली घ्या. शिमग्यात गावोगावी पालख्या नाचतात, ते मुलांना जन्मभर आठवेल. गणपतीत पर्यटक म्हणून जाऊच नये. महामार्ग त्या दिवसांत चाकरमान्यांचा असतो आणि तो त्यांनाच राहू द्यावा. पावसाळ्यात कोकण देखणं असतं, पण सिंधुदुर्गाच्या होड्या बंद असतात, फेरीबोटीचा भरवसा नसतो आणि जून-जुलै यांत्रिक मासेमारीला बंदी असल्याने ताटातला मासाही बहुतेक बर्फातला.

मुक्काम ठरवताना फोनवर विचारायचे प्रश्न

फोटो बघून खोली ठरवू नका, फोन करा. एकदा "तळमजला आहे" असं सांगणाऱ्या यजमानांकडे पोचलो तर खोली तळमजल्यावरच होती, फक्त घर उतारावर होतं आणि रस्त्यापासून अठ्ठावीस पायऱ्या खाली. बाबांच्या गुडघ्यांनी त्या मोजल्या. तेव्हापासून मी असं विचारतो: गाडी उभी राहते तिथून पलंगापर्यंत किती पायऱ्या? कमोड आहे का? लाइट गेली तर पंखा इन्व्हर्टरवर चालतो का? समुद्रावर जाताना डांबरी रस्ता ओलांडावा लागतो का? विहिरीला कठडा आहे का? शेवटचा प्रश्न ऐकून काही जण हसतात. हसू द्या. कोकणातल्या प्रत्येक घरामागे विहीर असते आणि आपली शहरातली पोरं पहिल्यांदा तिकडेच धावतात.

जेवणाचंही तेव्हाच बोलून ठेवा. घरगुती ठिकाणी माणसं मोजून रांधतात. रात्रीचं जेवण हवं असेल तर दुपारपर्यंत, दुपारचं हवं असेल तर सकाळी दहाच्या आत सांगायचं. उकडीचे मोदक हवे असतील तर आदल्या दिवशी.

रेल्वेने जाणारे असाल तर कोकण रेल्वेचं आरक्षण 60 दिवस आधी उघडतं आणि सुट्टीतल्या गाड्या पहिल्याच दिवशी भरतात. गुहागरसाठी चिपळूण, मालवणसाठी कुडाळ किंवा कणकवली. स्टेशनं गावांपासून लांब आहेत, हे लक्षात ठेवून स्थानिक गाडी आधी सांगून ठेवा.

दशमी: घाट उतरून गुहागर

पहाटे पाचला निघा. सातारा रस्त्याने उंब्रज, तिथून पाटण, कोयनानगर आणि कुंभार्ली घाट उतरून चिपळूण. चिपळूणहून गुहागर आणखी पंचेचाळीस किलोमीटरच्या आसपास. नकाशा सांगेल त्यात दीड तास मिळवा: लघुशंका, चहा आणि उलटी.

उलटीबद्दल सविस्तर लिहितो, कारण सहलीचा पहिला दिवस तिच्यावरच ठरतो. घाटाआधी मुलांना दूध पाजू नका आणि वडापाव तर मुळीच नको. कोरडी खारी किंवा मूठभर चुरमुरे पुरे. घाट सुरू झाला की मोबाइल, गोष्टीचं पुस्तक सगळं काढून घ्या आणि समोरच्या काचेतून लांब बघायला लावा. गोळी द्यायची असेल तर डॉक्टरांना विचारून, वयाप्रमाणे, आणि घाटाच्या तोंडाशी नव्हे तर त्याच्या चांगली अर्धा तास आधी. पिशव्या डिकीत ठेवू नका. हे लिहावं लागतंय ते का, हे आमच्या गाडीच्या सीटला विचारा.

दुपारी पोचा, जेवा, झोपा. संध्याकाळी किनारा. गुहागरचा किनारा सहा-एक किलोमीटर लांब, मागे नारळी-पोफळी आणि सुरूची झाडं. आज दशमी, म्हणजे भरती साडेसातला. दुसऱ्या दिवशी सकाळी व्याडेश्वर आणि दुर्गादेवी, दोन्ही देवळं गावातच, बाकी काहीही नाही. मी खरंच सांगतो, काहीही नाही. आमची मुलं त्या दिवशी सकाळी तीन तास एका ओहोळाला वाळूचा बांध घालत होती आणि आईला पोफळीच्या बागेत सुपारी कशी सोलतात ते बघायला मिळालं. गुहागरात शाकाहारी घरगुती जेवण उत्तम मिळतं, वालाची उसळ आणि सोलकढीसकट. सोलकढीत हिरवी मिरची असते. मुलांसाठी मिरची घालण्याआधीच वाटीभर बाजूला काढायला सांगा.

द्वादशी: हेदवी आणि फेरीबोट

इथे पाऊणकीचं गणित पहिल्यांदा खणखणीत वाजतं. हेदवीच्या किनाऱ्यावर काळ्या खडकात एक अरुंद चीर आहे, तिला बामणघळ म्हणतात. भरतीचं पाणी त्या घळीत शिरतं आणि वाट न सापडून उभं उसळतं. ओहोटीला गेलात तर नुसती भेग दिसते, आणि बरेच लोक तीच बघून "काही विशेष नाही" म्हणत परततात. द्वादशीची भरती सकाळी नऊला. गुहागरहून न्याहारी करून सव्वाआठला निघालात की बरोबर वेळेला पोचता. मात्र खडक ओले आणि शेवाळलेले असतात, घळीच्या काठाशी जायचं नाही, मुलांचा हात मनगटाला धरायचा, बोटांना नाही. आजी-आजोबा तोवर हेदवीच्या दशभुज गणपतीच्या देवळात बसतात. ते टेकडीवर आहे, पण गाडी जवळपर्यंत जाते.

तिथून तवसाळ. समोर शास्त्री नदीची खाडी आणि पलीकडे जयगड. बोटीच्या वेळा आदल्या दिवशी यजमानांकडून विचारून घ्या आणि अर्धा तास आधी धक्क्यावर रहा. मुलांना हा अर्धा तास कंटाळवाणा वाटत नाही, उलट सहलीतला हा सगळ्यात मोठा खेळ आहे. बोट सरळ अंगावर येते, पुढची लोखंडी फळी साखळीवर खडखडत खाली येते, धक्क्याला टेकते, आधी मोटारसायकली सुटतात, मग टेंपो, मग डोक्यावर पाटी घेतलेल्या बायका. मग एक पोऱ्या हाताने खुणा करत आपली गाडी आत घेतो, "येऊ दे, येऊ दे, बास!" आणि आरसा शेजारच्या जीपपासून चार बोटांवर असतो. चढताना चालक सोडून सगळ्यांनी खाली उतरून चालत जायचं. हँडब्रेक ओढा, गाडी गिअरमध्ये ठेवा, मुलांना वर डेकवर न्या.

बोट चुकली किंवा बंद असली तर आबलोलीवरून भातगावचा पूल ओलांडून जाकादेवीमार्गे गणपतीपुळ्याला जाता येतं. रस्ता अरुंद आणि वळणांचा आहे, पण धक्क्यावर ताटकळण्यापेक्षा बरा. आम्हाला तेव्हा हा रस्ता माहीत नव्हता.

जयगडला किल्ला आहे. ऊन नसेल आणि कोणी कुरकुरत नसेल तर थांबा. नाहीतर सरळ मुक्कामी.

गणपतीपुळे, आणि त्या समुद्राबद्दल स्पष्ट शब्दांत

राहायला मी गणपतीपुळ्यापेक्षा शेजारचं मालगुंड निवडतो. शांत आहे, आणि केशवसुतांचा जन्म तिथला, 1866 सालचा. त्यांचं घर स्मारक म्हणून जपलंय. "तुतारी" पाठ असलेल्या आजोबांना तिथे नातवंडांसमोर म्हणायला जागा मिळते. आमच्याकडे बाबांनी म्हटली, दोन कडवी विसरले, आणि नातीने टाळ्या वाजवल्या.

गणपतीपुळ्याचं देऊळ सकाळी लवकर करा. प्रदक्षिणा गाभाऱ्याला नाही, मागच्या डोंगराला असते, साधारण किलोमीटरभर, फरसबंद वाटेची. गुडघे दुखत असतील तर ती सोडली म्हणून गणपती रागावत नाही.

आता समुद्र. देवळासमोरची पुळण सुंदर आहे आणि पोहायला धोक्याची आहे. तिथे तळ एकदम खोल होतो आणि परतणारी लाट पायाखालची वाळू काढून घेते. दर वर्षी माणसं बुडतात आणि बुडणाऱ्यांत चांगले पोहणारेही असतात, कारण नदी-तलावात पोहणं वेगळं. घरातल्या सगळ्यात उत्साही काकालाच आधी बजावा: घोट्याच्या वर पाणी नाही. जीवरक्षक शिट्टी वाजवतो तेव्हा ती आपल्यासाठीच असते. आणि पुळणीवर गाडी न्यायची नाही. ओल्या वाळूत चाक रुततं, भरती थांबत नाही, आणि मग गावकऱ्यांना ट्रॅक्टर आणावा लागतो.

त्रयोदशीला रत्नागिरी. आरे-वारेच्या रस्त्याने जा. एका वळणावर चढ संपतो आणि दोन किनारे एकदम खाली दिसतात. गाडी नीट कडेला घेऊनच थांबा, वळणावर नाही. रत्नागिरीत बघण्यासारखं पुष्कळ आहे, त्यातलं फक्त दोन निवडा. माझी निवड थिबा राजवाडा (सोमवार सोडून) आणि मत्स्यालय. ब्रह्मदेशाच्या राजाला इंग्रजांनी 1885 मध्ये पदच्युत केलं, त्याचा देश घेतला आणि त्याला आणून ठेवलं ते या गावात. वाडा 1910 मध्ये बांधून झाला, आणि 1916 मध्ये तो इथेच वारला, घरी परत न जाता. नऊ वर्षांच्या मुलीने विचारलं, "मग त्याला इथलं जेवण आवडायचं का?" इतिहासाचा याहून चांगला प्रश्न मला सुचला नाही. मत्स्यालयात देवमाशाचा सांगाडा आहे, धाकट्यांचं काम तिथे होतं. टिळकांचं जन्मघर आणि सावरकरांच्या प्रयत्नांतून 1931 मध्ये उभं राहिलेलं पतितपावन मंदिर गावातच आहे. आजोबांची इच्छा असेल तर यांपैकी एक बदलून घ्या, वाढवून नाही.

चतुर्दशी: मालवणकडे

हा सहलीतला सगळ्यात रटाळ दिवस आहे आणि तो तसाच स्वीकारावा. रत्नागिरीहून पावस, पूर्णगड, कशेळी, जैतापूर, विजयदुर्ग, देवगड असा किनाऱ्याकिनाऱ्याने जाणारा रस्ता देखणा आहे. नवरा-बायको दोघंच असाल तर तोच घ्या. मुलं आणि म्हातारी माणसं बरोबर असताना मी हातखंब्याला महामार्ग पकडतो, राजापूर, कणकवली आणि तिथून मालवण. दीडशेच्या आसपास किलोमीटर. वाटेत पेट्रोल, स्वच्छतागृह आणि वेळेवर जेवण मिळतं. किनाऱ्याचा मोह अगदीच सुटत नसेल तर सहलीला एक दिवस वाढवा आणि कुणकेश्वरला राहा.

मालवणात उतरायला चिवला किनारा मला तारकर्लीपेक्षा बरा वाटतो: बाजार जवळ, समुद्र जरा शांत, आणि सकाळी रापण (किनाऱ्यावरून ओढायचं मोठं जाळं) ओढत असतील तर दोरीला हात लावायला मुलांना कोणी नाही म्हणत नाही. खानावळीत गेल्यावर काकींनी आधी मुलांकडे पाहिलं, मग आम्हाला विचारलं, "ह्यांका तिखट चालता मां?" चालत नाही म्हटल्यावर रव्यात घोळवलेली सुरमईची तुकडी नुसत्या मीठ-हळदीवर तळून आली. काट्यांच्या दृष्टीनेही मुलांना सुरमईच द्या. बांगडा, मांदेली मोठ्यांनी खावी. कोंबडी-वड्यातले वडे मुलांना नुसतेही चालतात.

पौर्णिमा: किल्ला

सिंधुदुर्गाला पौर्णिमेच्या दिवशी जायचं कारण पुन्हा पाऊणकी. भरती सव्वाअकराला. दहाच्या सुमाराला होडी पकडलीत तर पाणी चढलेलं असतं, होडी आणि धक्का जवळजवळ एका पातळीत येतात, आणि आजीला दोघांनी धरून उचलावं लागत नाही. खोल ओहोटीला हाच प्रकार सर्कशीसारखा होतो.

होडीत बसण्याआधी प्रत्येकाच्या अंगावर लाइफ जॅकेट हवं, आणि मुलाला मुलाच्याच मापाचं. मोठं जॅकेट पाण्यात डोक्यावरून निघून जातं. लहान माप नसेल तर ती होडी सोडा, पुढची घ्या. माणसं जास्त भरलेली वाटली तरी तेच. 2022 च्या मे महिन्यात तारकर्लीजवळ पर्यटकांची बोट उलटून दोघांचा जीव गेला. त्यामुळे इथे भिडस्तपणा नको. स्कूबा, पॅरासेलिंगसारख्या खेळांच्या बाबतीत दहा वर्षांखालच्या मुलांना मी काठावरच ठेवतो. देवबागला कर्ली नदी समुद्राला मिळते तिथे प्रवाह जोरात असतो, मुखाशी कोणीच पाण्यात उतरू नये.

कुरटे बेटावरचा हा किल्ला 1664 ते 1667 या काळात बांधला. गेल्यावर मुलांना एक काम द्या: महादरवाजा लांबून शोधायचा. तो बुरुजांच्या वळणात असा दडवलाय की होडी अगदी जवळ जाईपर्यंत दिसत नाही. आत दूधबाव, दहीबाव, साखरबाव अशा तीन विहिरी, चारी बाजूंनी खारं पाणी असताना गोड्या. शिवराजेश्वराचं देऊळ आहे, राजाराम महाराजांनी बांधलेलं. होडीवाले साधारण तासाभराने परत न्यायला सांगतात, सगळा तट फिरायला तो पुरत नाही, म्हणून तट सोडा. टोपी आणि प्रत्येकी बाटलीभर पाणी विसरू नका, आणि आपल्या होडीवाल्याचा चेहरा व होडीचं नाव लक्षात ठेवा. आम्ही एकदा दुसऱ्याच होडीत जाऊन बसलो होतो.

संध्याकाळी साडेपाचला पूर्ण ओहोटी, उधाणाची. पाणी खूप मागे जातं, ओली कडक वाळू मैदानासारखी पसरते. आज पाण्यात उतरायचं नाही, आज क्रिकेट. चंद्र मागून, माडांच्या बाजूने वर येतो.

परतीचा दिवस

आधी यजमानांना विचारा की कोणता घाट चालू आहे. करूळ, भुईबावडा, फोंडा यांपैकी एखादा कामासाठी किंवा दरडीमुळे बंद असणं नवीन नाही, आणि नकाशाला ते कधीकधी उशिरा कळतं. कोल्हापूरला जेवायला पोचायचा हिशेब धरा.

खाजा, कोकम आगळ, आंबापोळी-फणसपोळी निघताना बाजारातून घ्या, आदल्या रात्री नको, गाडीतल्या उष्णतेने पोळ्या चिकटतात. आगळाची बाटली उभी ठेवा आणि तिचं झाकण मेणाने बंद असलं तरी दोन पिशव्यांत घाला. ओले कपडे वेगळ्या बादलीत. घरी पोचल्यावर कितीही दमला असाल तरी दुसऱ्या दिवशी गाडी खालून गोड्या पाण्याने धुऊन घ्या, फेरीबोटीवरचं आणि किनाऱ्यावरचं मीठ पत्र्याला खातं. सीटखालची वाळू मात्र पुढच्या दिवाळीपर्यंत निघत राहते.